निळा कळंक

ट्रम्पेट रावजी तांडेलांचाच होता. त्याबद्दल गुणवंतीला शंका नव्हती.

"दोन महिन्यांपूर्वी मीच हा डाख दिलाय," ती म्हणाली. तिचं बोट वाद्याच्या वळणाजवळच्या एका सांध्यावर होतं. "आणि हे डाव्या हाताच्या पकडीचे गुलाबी ठिपके. त्यांच्या घामानं वरचं लॅकरचं पॉलिश उडून गेलं, मग पितळेतलं जस्त निघून गेलं आणि नुसतं तांबं उरलं. हा जुना रोग. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना."

उपनिरीक्षक मृणाली साळवीने कागद पुढे सरकवला. "म्हणजे ओळख पटली. इथे सही करा, ताई."

गुणवंतीने पेन घेतलं नाही.

हातखंब्याच्या नाक्यावर, पंक्चरवाल्याच्या मागे तिची दोन खोल्यांची दुकानवजा कार्यशाळा होती. जिल्ह्यातल्या बँडवाल्यांची वाद्यं तिच्याकडे यायची. वडिलांनी तीस वर्षं हेच केलं, त्यांच्यामागे तिने बावीस. बाहेर हायवेवर ट्रक घरघरत होते आणि मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तापत होतं.

"हा कुठे सापडला म्हणालात?"

"खडपवाडीला, जेटीच्या खालच्या खडपात, खडकांमध्ये. आज सकाळी ओहोटीला. रावजी मंगळवारी दुपारी घरातून गेले ते परतलेच नाहीत. मंगळवारी संध्याकाळी त्यांना त्याच खडपावर हा वाजवताना पाहिलं, असा जबाब आहे. आज शनिवार." मृणालीने घड्याळ पाहिलं. "साहेबांनी संध्याकाळी शोध थांबवायला सांगितलाय. बुडाले असंच सगळे धरून चाललेत."

"हा बाजा चार दिवस समुद्रात होता?"

"हो."

"नव्हता," गुणवंती म्हणाली.

मृणाली स्टुलावर बसली.

गुणवंतीने तीन बटणांच्या खालची झाकणं फिरवून काढली. आत तिने घातलेलं ग्रीस जसंच्या तसं होतं. तिने शुद्ध पाण्याचे दोन थेंब आत सोडले, फिरवून स्टीलच्या चमच्यात ओतले आणि चमचा ज्योतीवर धरला. पाणी उडून गेलं. चमचा स्वच्छ राहिला. मग तेच तिने पुढच्या पसरट तोंडाशी केलं. या वेळी चमच्यावर पांढरी खपली धरली.

"तोंडात मीठ आहे, वाळू आहे. आत मिठाचा कणही नाही. चार दिवस पाण्यात असता तर प्रत्येक नळीत समुद्र शिरला असता. शिवाय नवा पोचा एकही नाही. त्या खडपात लाटांनी याची पत्रावळ केली असती."

"मग वाहून आला नसेल. कुणी ठेवला असेल."

"तेच म्हणतेय. पण त्याआधी तो कुठे होता, ते बघा."

तिने वाद्य खिडकीशी नेलं. जिथे लॅकर शाबूत होतं तिथे पितळ सोन्यासारखं होतं. जिथे ते उडालं होतं, विशेषतः सांध्यांच्या खाचांत, तिथे गडद निळे डाग होते.

"कळंक," मृणाली म्हणाली. "आमच्या घरी पितळेच्या पातेल्याला यायचा."

"तो हिरवा. खाऱ्या हवेनंही हिरवाच येतो, पिठासारखा. हा निळा आहे." तिने ओला कापूस एका डागावर घासला. कापूस निळा झाला. "आणि हा पाण्यात विरघळतो. समुद्रात एक दिवस राहता तर दिसलाही नसता."

"मोरचूद? पोफळीवर फवारतात ते?"

"मोरचुदानं डाग पडेल. पण ही चीर पडणार नाही."

वाद्याच्या मोठ्या वळणावर केसाएवढी एक लांब चीर होती. तिच्या शेजारी दुसरी, त्याहून बारीक. आजूबाजूला मार लागल्याची खूण नव्हती. कडा स्वच्छ होत्या.

"पितळेची नळी वाकवली की तिच्या अंगात ताण राहतो," गुणवंती म्हणाली. "एरवी तो शंभर वर्षं गप्प बसतो. पण दमट हवेत अमोनिया असला, तर नळी आपली आपण फाटते. सावर्ड्याच्या एका बँडवाल्यानं साफसफाईला म्हणून आपला कॉर्नेटचा बाजा अमोनियाच्या बादलीवर टांगून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला, असाच निळा आणि असाच फाटलेला."

"म्हणजे हा तीन दिवस अमोनियात होता?"

"दोन-तीन. आणि एका कुशीवर निपचित पडून होता. डावी बाजू निळी आहे, उजवी जवळजवळ कोरी. जमिनीला टेकलेली बाजू वाचली."

मृणालीने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "चला माझ्याबरोबर."

निघण्यापूर्वी गुणवंतीने आणखी एक गोष्ट पाहिली. सूर जुळवायला जी नळी आतबाहेर सरकवतात, ती पूर्ण आत ढकललेली होती. तिने ती ओढून पाहिली. कळंकाने घट्ट धरली होती. तिच्या कपाळावर आठी पडली.

*

खडपवाडीत रावजींच्या घरापुढे माणसं बसली होती. गुणवंतीला पाहून सावित्री उठली. ती मासळी विकायची. गेल्या चार दिवसांत पाटी उचलली नव्हती. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि ओटीवरच्या दोन बायका त्यावरून हळू आवाजात काही बोलत होत्या.

मृणालीने त्या बायकांना बाहेर अंगणात बसवलं.

"मंगळवारी ते किती वाजता गेले?"

"जेवले नि गेले. रोजच जायचे, बाजा घेऊन."

"कुठे?"

"नाय सांगितलं. बँडातनं काढल्यापासून त्यांच्या मनाला लागलंवतं. घरी वाजवला तर शेजारी बोलायचे. मी विचारलं तर म्हणाले, सूर जाग्यावर आला की सांगेन."

"दारू?"

"वाईच कधीतरी. रोजची नाय." सावित्रीने पदर सावरला. "सगळे सांगतात, जीव दिला. जीव द्यायचा तर माणूस महिनाभर रोज रियाज कशाला करील?"

गुणवंती तिच्याजवळ सरकली. "सावित्रीवहिनी, ते परत यायचे तेव्हा काही वेगळं वाटायचं? कपड्यांना वास, माती, काही?"

सावित्रीने मान हलवली. "वास आमच्या अंगाला मासळीचाच. पण एक सांगते. भर उन्हातनं यायचे नि बाजा माज्या हातात द्यायचे. तो गार लागायचा. सावलीत ठेवल्यासारखा नाय, माठासारखा गार. मी एकदा बोललेसुद्धा. ते हसले."

मृणालीने ते लिहून घेतलं. "तुमच्या मदतीला कोण आहे?"

"सर्वेशभाऊ. त्यांचीच बर्फाची फॅक्टरी हाय खाली. शोधायला दोन होड्या त्यांनीच दिल्या. बाजा पण त्यांनाच दिसला. रोज येऊन जातात बिचारे. काल तेवढे नाय आले, केळशीला बर्फ पोचवायला गेलेवते." ती थांबली. "दहाव्याचं सामान पण तेच आणतो म्हणाले. मी नको म्हटलं. माणूस दिसल्याबिगर मी काय करायची नाय."

बाहेर आल्यावर मृणाली म्हणाली, "अमोनिया म्हटलं की बर्फाची फॅक्टरी, गोठवायला तोच गॅस लागतो. पण अजून एक जागा आहे. बँडमास्तर दीपक शिगवण. त्यानेच रावजींना काढलं, आणि त्यावरून भर लग्नात दोघांची झोंबाझोंबी झाली होती. त्याची सगळी वाद्यं गोठ्याच्या माळ्यावर असतात. गोठ्यातही तोच वास असतो ना?"

"असतो," गुणवंती म्हणाली. "आधी तिकडेच जाऊ."

*

दीपक चाळिशीचा, उंच माणूस होता. पोलिसांची गाडी पाहून त्याने हातातली वैरण खाली ठेवली.

"मंगळवारी दुपारी कुठे होता?" मृणालीने विचारलं.

"इथेच. गाय व्यायली. डॉक्टर आले होते, त्यांना विचारा."

"रावजींना का काढलंत?"

"ओठ सुटले होते त्यांचे. वरचे सूर लागत नव्हते." तो जमिनीकडे पाहत राहिला. "मला वाजवायला त्यांनीच शिकवलं, मॅडम. त्या दिवशी ते माझ्या अंगावर आले. मी ढकललं. ते मला करायला नको होतं."

गुणवंती शिडीने माळ्यावर चढली. खालून शेणामुताचा तिखट दर्प वर येत होता. तिने गोणपाट बाजूला करून एक एक वाद्य उजेडात धरलं. एक जुना युफोनियम, तीन ट्रम्पेट. सगळे काळपट तपकिरी पडले होते. खाचांत थोडा हिरवा कळंक होता. निळा कुठेच नव्हता. तिने प्रत्येक वळणावरून नख फिरवलं. चीर नव्हती.

"ही इथे किती वर्षं आहेत?" तिने वरूनच विचारलं.

"दहा-अकरा."

ती खाली उतरली. "दहा वर्षांत या गोठ्यानं वाद्यं नुसती काळवंडली. तीन दिवसांत नळी फाडायची ताकद याच्यात नाही." मग ती दीपककडे वळली. "मे महिन्यात रावजी सुराची नळी किती बाहेर ठेवायचे?"

"चांगली बोटभर. उन्हात बाजा तापला की सूर चढतो, मग नळी बाहेर काढून तो उतरवावा लागतो. त्यांचा कान फार पक्का. आमची सगळ्यांची तेच जुळवून द्यायचे."

"आणि पूर्ण आत कधी ढकलायचे?"

"थंडीत. पहाटेची मिरवणूक असली तर. बाजा गार पडला की सूर खाली येतो." त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "का?"

गुणवंती गाडीकडे चालू लागली. तिचे पाय आता भरभर पडत होते.

*

बर्फाच्या फॅक्टरीच्या फाटकावर खडूने लिहिलेली पाटी होती: मशीन बंद. मंगळवारपासून. सोमवारी सुरू.

सर्वेश मयेकर कार्यालयात एकटाच होता. पन्नाशीचा, गोरटेला, बोलायला मऊ. त्याने दोघींना खुर्च्या दिल्या.

"काही कळलं, मॅडम?"

"थोडंफार. तुमचा जबाब पुन्हा ऐकायचाय. मंगळवारी तुम्ही रावजींना कधी पाहिलं?"

"साडेसहा-पावणेसात. खडपावर बसून वाजवत होते. मग अंधारलं. आवाज थांबला. मला वाटलं घरी गेले."

"फॅक्टरी का बंद आहे?"

"कॉम्प्रेसर. जुना झालाय. मोसमाचा शेवटचा महिना, नेमका आत्ताच बिघडला. सोमवारी वीस माणसं कामावर बोलावलीत."

"गॅस गळला होता?"

"किरकोळ. नेहमीचंच आहे ते."

गुणवंती दारात उभी होती. "सर्वेशभाऊ, टाक्यांच्या पलीकडची ती खोली कसली?"

"टाक्यांतल्या पाण्यात घालायच्या मिठाची. आता रिकामीच असते."

"बघू?"

त्याने टेबलावरचे कागद सरळ केले. मग त्याने किल्ल्या घेतल्या.

टाक्यांजवळ हवा अजून गार होती. डोळ्यांना झोंबत होतं. मिठाच्या खोलीचं दार जाड लाकडाचं होतं आणि त्याला जुनी पितळी कडी होती. गुणवंतीने रुमालाने नाक झाकलं आणि कडीवर वाकली. कडीच्या बिजागरीत गडद निळा कळंक धरला होता. आत एक उलटी टोपली होती, बसायला ठेवल्यासारखी. बाकी खोली झाडून स्वच्छ केलेली होती. इतकी स्वच्छ खोली साऱ्या फॅक्टरीत दुसरी नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "बाहेर जाऊन बोलू."

कार्यालयात आल्यावर सर्वेशने पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"रावजी खडपावर वाजवत नव्हते," गुणवंती म्हणाली. "त्यांची सुराची नळी पूर्ण आत ढकललेली आहे. खडपावर, मेच्या संध्याकाळी, बाजा तापलेला असतो. त्यांच्यासारख्या पक्क्या कानाचा माणूस नळी बोटभर बाहेर ठेवील. त्यांनी शेवटचं वाजवलं ते गार जागेत. त्यांच्या बायकोच्या हाताला तो बाजा रोज गार लागायचा. या उन्हाळ्यात खडपवाडीत गार जागा एकच आहे. इथे मशीनच्या आवाजात कुणाला वाजवलेलं ऐकू येत नाही. जागा तुम्हीच दिलीत ना?"

सर्वेशने तांब्या बाजूला सरकवला.

"मंगळवारी दुपारी गॅस सुटला. माणसं जेवायला गेली होती. रावजी त्या खोलीत होते. बाजा हातातून पडला आणि तिथेच राहिला, एका कुशीवर. वरच्या बाजूला निळा कळंक चढला, वळणं फाटली. त्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे शुक्रवारपर्यंत तो या खोलीत होता. आज पहाटे तो खडपात ठेवला गेला. पुढच्या तोंडात लाटेचं पाणी उडालं तेवढंच. आतल्या भागाला समुद्र लागलाच नाही."

"कुणीतरी नेऊन ठेवला असेल," सर्वेश पुटपुटला. "इथे वीस माणसं येतात-जातात."

"मंगळवारपासून फॅक्टरी बंद आहे," मृणाली म्हणाली. "किल्ल्या तुमच्याकडे. बाजा सापडला तो तुम्हाला. संध्याकाळचं वाजवणं ऐकलं ते फक्त तुम्ही." ती टेबलावर पुढे झुकली. "प्रेत कुठे आहे?"

सर्वेशच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. गुणवंतीने तो पाहिला.

"प्रेत नाही, मॅडम," ती हळूच म्हणाली. "मी सकाळपासून याच एका गोष्टीवर अडकले होते. रावजी इथे मेले असते, तर बाजाबरोबर तेही समुद्रात गेले असते. बुडाले हे लोकांना पटवायला त्याहून सोपं काही नाही. चार दिवसांत प्रेत किनाऱ्याला लागलंही असतं. पण पाण्यात गेला तो नुसता बाजा. टाकायला माणूस नव्हता, कारण माणूस जिवंत आहे."



मृणालीने वहीची पानं भराभरा उलटली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "काल तुम्ही केळशीला बर्फ पोचवायला गेला होतात."

"हो."

"चार दिवस मशीन बंद. कुठला बर्फ?"

सर्वेशने नजर किल्ल्यांकडे वळवली.

"आणि केळशीला बर्फ हर्णैहून जातो. माझं माहेर आहे तिकडे. रत्नागिरीहून तिथे बर्फ नेणारा माणूस मी पाहिला नाही. केळशीला काय आहे, मयेकर?"

तो खुर्चीत खचला.

"बाग," तो शेवटी म्हणाला. "माझी आंब्याची बाग आहे. राखणदाराची खोली."

"रावजी तिथे आहेत?"

"काल होते."

मृणालीने फोन काढला. दापोली पोलिसांना पत्ता सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. रुग्णवाहिका, डोळ्यांचा डॉक्टर, गॅसनं फुप्फुसं भाजलेला रुग्ण. फोन ठेवून तिने सर्वेशकडे पाहिलं.

"आता सगळं सांगा."

तो सांगू लागला. गेल्या तपासणीत व्हॉल्व्ह बदलायला सांगितला होता. मोसम संपल्यावर बदलू, असं त्याने ठरवलं. मंगळवारी तो व्हॉल्व्ह सुटला. त्याने तोंडाला ओलं फडकं बांधून रावजींना बाहेर ओढलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. रत्नागिरीला नेलं असतं तर डॉक्टरांनी विचारलं असतं, पोलीस आले असते, फॅक्टरीला त्याच दिवशी टाळं लागलं असतं. म्हणून त्याने त्यांना केळशीच्या बागेत नेलं.

"मला वाटलं, दोन दिवसांत बरे होतील. मग मीच आणून सोडेन. डोळे पाण्याने धुतले. औषधं नेली. मी त्यांना मारायला नव्हतं नेलं, मॅडम. मी बाहेर काढलं त्यांना."

"काढलंत," गुणवंती म्हणाली. "मग शुक्रवारी काय झालं?"

सर्वेशने डोळे पुसले. "शुक्रवारी ते ओळखेनात. श्वास लागला होता. राखणदार म्हणाला, रात्र निघायची नाही."

"तरी हॉस्पिटलात नेलं नाहीत."

"उशीर झाला होता."

"तुम्ही परत आलात, बाजा उचललात आणि खडपात नेऊन ठेवलात," गुणवंती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तो ऐकून मृणालीनेही मान वर केली. "शोध थांबावा म्हणून. रावजी तेव्हा श्वास घेत होते. आणि तुम्ही त्यांच्या बायकोला दहाव्याचं सामान आणून देणार होता."

मृणालीने सर्वेशचा फोन आणि किल्ल्या ताब्यात घेतल्या. गाडीबरोबर आलेल्या हवालदाराने फाटकावरची पाटी पुसून टाकली. सोमवारी येणाऱ्या वीस माणसांना घरीच राहायला सांगण्याचं काम बातमी कळताच दीपकने आपणहून घेतलं. त्याने मोटरसायकल काढली ती अंगावरच्या शेणाने माखलेल्या कपड्यांनिशीच.

*

केळशीहून फोन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मृणाली आणि गुणवंती सावित्रीच्या ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं, फक्त आशा धर असं सांगितलं नव्हतं. सावित्री खांबाला टेकून बसली होती.

मृणालीने ऐकलं. "बरं," म्हणाली. पुन्हा "बरं" म्हणाली. मग तिने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, गाडीत घेतलंय. ऑक्सिजन लावलाय," पलीकडून दापोलीच्या हवालदाराचा आवाज आला. "डॉक्टर म्हणतात, एका डोळ्याची खात्री नाही. छातीचं दोन दिवसांनी कळेल. पण शुद्धीवर आहेत. नाव विचारलं तर सांगितलं. बायकोशी बोलायचं म्हणतात. जास्त बोलू देऊ नका."

मृणालीने फोन सावित्रीपुढे धरला.

सावित्रीने तो दोन्ही हातांत घेतला. तोंडाजवळ नेला. पलीकडे रुग्णवाहिकेचं इंजिन चालू होतं आणि कुणीतरी कष्टाने श्वास घेत होतं. ओटीखालच्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या.

"कायतरी खाल्लंत काय?" शेवटी तिने विचारलं.

खोकल्याची एक लांब उबळ आली.

"पेज," रावजी म्हणाले. "अळणी होती."

सावित्रीने फोन गुणवंतीच्या हातात दिला, पदर तोंडात कोंबला आणि खाली बसली. थोड्या वेळाने ती उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नवऱ्याचे दोन धुतलेले सदरे होते.

"दापोलीला कुठली एसटी जाते आता?" तिने विचारलं.

"एसटी कशाला," मृणाली गाडीची किल्ली शोधत म्हणाली. "बसा, वहिनी."